पितळेवरचा पाय

राजुऱ्याच्या कडेला एक बापूराव राहायचा, त्याची एक रुखमा होती, आणि त्या दोघांचा एक संघपाल होता. पण संघपाल घरी नव्हता. मिरची तोडायला तेलंगणात गेला, संगतीची सगळी माणसं परतली, हाच तेवढा आला नाही. फोन बंद.

बापूराव हार्मोनियम दुरुस्त करायचा. एकदा भामरागडकडच्या पडक्या डाकबंगल्यातला पियानो टेम्पोतून दुरुस्तीला त्याच्या दारी आला. त्यानं तारा उतरवून खाटेवर पसरल्या, गंजलेल्या खुंट्या रॉकेलच्या चिंधीनं घासायला घेतल्या. खाली पायानं दाबायच्या पितळी पट्ट्या मात्र रुखमापुढं ठेवल्या.

"पितळ तुह्या हातचं. लोखंडाले पानी नोको लागू देऊ."

"मले शिकवता? लहानपनापासून पितळच घासून राह्यली मी."

चिंच अन् राख लावून तिनं पट्ट्या अशा घासल्या, की आंगणातलं मोहाचं झाड त्यांच्यात हलताना दिसलं. बापूरावानं त्या परत बसवल्या. तशी रुखमानं मूठभर तांदूळ आणून पट्टीखाली ठेवले.

"काय वं, पियानोले जेवाले घालून राह्यली का?"

"हासू नोका. दुसऱ्याचं भांडं घासून रिकामं देतो का आपन?"

तिकडची रीतच तशी. शेजारणीचं भांडं काहीतरी घालूनच परत जातं. मग तीही पुढच्या खेपेला काहीतरी घालूनच धाडते.

दुसऱ्या दुपारी सगळीकडं ऊन निजलेलं. रुखमा आत आली तर तांदूळ नव्हते, एक दाणा नाही. अन् लखलखीत पट्टीवर, न घासलेल्या पितळेला धरतो तसा, हिरवा कळक चढलेला. तिनं पुसला. परत तांदूळ ठेवले. तिसऱ्या दुपारी परत तेच. आता कळकाला आकार होता. अनवाणी पाय. त्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

रुखमानं त्या करंगळीवर बोट ठेवलं. तशी करंगळी तिनं न्हाऊ घातली होती, तेल लावून सरळ करू पाहिली होती.

"संघपालचे बाबा... हा पाय पाहा."

बापूरावानं पाहिलं. तेवढ्यात पट्टी आपोआप खाली गेली. धप्प. अन् तारा नसलेल्या त्या पोकळीतून हळूच गुणगुण आली, झोपेत कुणी कण्हावं तशी. ओल्या, जुन्या लाकडाचा वास खोलीभर पसरला.

"पोरगा गेला का हो आपला..."

"चूप. तसं नोको बोलू."

रुखमा पट्टीपाशी बसली. भीती होती, पण माय होती ती. तांदळानं भरलेलं सूपच तिनं समोर ठेवलं. "जो कोनी असशील, पोटभर खा. पन माहं लेकरू मले धाड."

"कोनाले मागून राह्यली तू?" बापूराव कुजबुजला. "आपल्याले माहीत तरी हाये का... कोन हाये ते?"

दुसऱ्या दिवशी सूप रिकामं होतं, अन् दारात संघपाल उभा होता. वाळलेला, पण हसरा.

"माय, भूक लागली."

सारी आळी गोळा झाली. शेजारच्या सुगंधाबाईनं साखर वाटली. पियानो चांगला वाजू लागला, बापूरावाकडं लांबलांबून कामं आली, संघपाल हाताशी बसू लागला. घराचे दिवस पालटले ते पालटलेच. पट्टीवर परत कधी कळक चढला नाही.

फक्त एक. तो आला त्या दिवशी रुखमानं रीतीप्रमाणं दारातच त्याच्या पायावर पाणी घातलं. मिरचीच्या वावरातून आलेला पोरगा, पण मिरचीचा ठसका कुठंच नाही. ओल्या, जुन्या लाकडाचा वास. अन् तळव्यावरून हिरवं पाणी वाहिलं.

अजूनही दुपारी तो निजला की रुखमा चिंच अन् राख घेऊन त्याच्या पायथ्याशी बसते. घासते. तळवा स्वच्छ होतो.

दुसऱ्या दुपारी परत हिरवा.