निळ्या काठाची डिश

अरुणा, बस जरा. भांडी नंतर घास. सकाळी तू विचारलंस ना, ही निळ्या काठाची डिश कुठली, ते सांगते. माझं विमान संध्याकाळचं आहे आणि हीथ्रो तुमच्या हाउन्सलोपासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे वेळ भरपूर आहे. चहा टाकलास तर चालेल.

ही डिश मी परत करायला निघाले होते, एवढंच झालं होतं सुरुवातीला. शेजाऱ्याची डिश शेजाऱ्याला नेऊन द्यायची.

आसावरी आणि जावयाने ऑक्टोबरात वेल्समधल्या डोंगरावर घर घेतलं. का, ते मला विचारू नकोस. पुष्करचं ऑफिस ब्रिस्टलला, आठवड्यातून दोनदा जायचं, बाकी घरून काम, आणि खिडकीतून मेंढ्या दिसतात. मेंढ्या बघायला इंजिनियर झाला होतास का, असं मी विचारलं नाही. सासू आहे मी, जिभेला आवर घालते. आसावरीचे दिवस जानेवारीअखेर भरत होते, म्हणून तिळाचे लाडू, डिंक, मेथ्या असं सगळं बांधून मी पोचले.

एका सोमवारी पुष्कर ब्रिस्टलला गेला आणि मागून बर्फ पडला. इथे आज पडलाय तसला दोन बोटांचा नव्हे. कुंपण गडप झालं, गाडीच्या जागी नुसता उंचवटा उरला. पण वीज होती, जळणाला लाकडं होती, खिचडी-पापड होते. आम्ही मायलेकी मजेत होतो. रात्री झोपताना तेवढी एकच काळजी पोटात असायची. खालच्या मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंतची पाऊण मैलाची चढण बर्फाने बुजली होती. वेळ आली तर अँब्युलन्स वर येणार कशी?

मंगळवारी सकाळी आठ वाजले तरी बाहेर अंधारच. मी चहाचं आधण ठेवलं आणि आवाज आला. खर्र… खर्र… कोणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं. पुष्करचे बूट चढवून दार उघडेपर्यंत आवाज थांबला. बाहेर कोणी नाही. दारापासून फाटकापर्यंत वाट लख्ख, कडा अशा सरळ की पट्टी धरून कापल्यासारख्या. उंबऱ्यावर ही डिश आणि डिशमध्ये सहा अंडी. हवेत तंबाखूचा आणि ओल्या कुत्र्याचा वास होता.

वरच्या घरातले असतील, असं आसावरी म्हणाली. जेमतेम तीन महिने झालेले, तिचीही ओळख नव्हती. तिने लगेच ऑम्लेट करून खाल्लं. मी अंड्याला हात लावत नाही, तुला माहीत आहे, पण डिश परत करायला हवी होती आणि रिकामी कशी करायची? सात लाडू ठेवले आणि दुपारी निघाले. वरच्या घरापर्यंतची वाटही साफ केलेली होती. दगडी घर, धुराड्यातून धूर. दार वाजवलं, कोणी आलं नाही. पायरीवर डिश ठेवली, सवयीने "येते हं" म्हटलं आणि आले.

बुधवारी सकाळी डिश आमच्या दारात परत, त्यात मातीने माखलेले बटाटे. मी त्यांच्याच काचऱ्या करून पाठवल्या. गुरुवारी पुन्हा सहा अंडी. गडी खवय्या होता, डिश चाटूनपुसून स्वच्छ यायची. हे थांबणार कधी, असं आसावरीने हसत विचारलं. कोणीतरी एकजण रिकामी पाठवेल तेव्हा, मी म्हटलं, आणि ती निदान मी नसेन. खरं सांगू, परक्या मुलखात कोणाकडे तरी डिशची ये-जा सुरू झाली याचा मला आनंदच झाला होता.

त्याच दुपारी तीनला तिला कळा सुरू झाल्या.

फोनवर सांगितलं, अँब्युलन्स निघतेय, पण ती चढण चढणार नाही. पुष्कर तिकडून रडवेला झालेला. मी आसावरीला पाणी दिलं, डिशमध्ये हाताला लागलं ते गूळ-खोबरं टाकलं आणि वर धावले. चार वाजत होते आणि उजेड संपत आला होता. त्या घराचं दार अर्धवट उघडं. आत काळोख, तोच तंबाखूचा वास आणि कोणाचा तरी सावकाश चाललेला श्वास. माझं होतं नव्हतं ते इंग्रजी पळालं.

"दादा… मुलीला कळा सुरू झाल्यात. गाडी वर यायला हवी. तेवढा रस्ता…"

आत कोणीतरी कप खाली ठेवला. मी डिश उंबऱ्यावर ठेवली.

"तेवढं करा. तुमची डिश आमच्याकडून रिकामी येणार नाही… कधीच."

चुकले ती इथे. अडलेलं माणूस बोलून जातं, आणि ऐकणारा कोण आहे हे बघत नाही.

साडेपाचला अँब्युलन्स दाराशी उभी होती. तिच्यातली ग्वेन नावाची बाई तिथलीच. चढण उतरताना ती खिडकीतून रस्त्याच्या कडा बघत राहिली. कोणी साफ केला, तिने विचारलं. मी वरच्या घराकडे बोट दाखवलं. अशा सरळ कडा त्या घरातला एम्लिन कापायचा, ती म्हणाली. बारा वर्षांपूर्वी अशाच बर्फात, कोणा बाळंतिणीसाठी हीच चढण साफ करताना तो गेला. सापडला तेव्हा फावडं हातात होतं. घर तेव्हापासून बंद. मी म्हटलं, धूर येतो की. तिने माझा हात हातात घेतला. मला वाटलं धीर देतेय, पण ती माझी नाडी बघत होती.

नऊच्या सुमाराला मुलगी झाली. तनू. अगं, मी इतकी रडले की नर्सने मलाच खुर्ची दिली.

रविवारी घरी आलो तेव्हा बर्फ वितळत होता. गाडीतून वर पाहिलं. त्या घराला छप्पर नव्हतं, धुराडंही नव्हतं.

आणि आमच्या उंबऱ्यावर डिश, सहा अंडी.

आसावरी भुकेली होती, तिने हात पुढे केला. मी डिश ओढून घेतली. मला एकदम कळलं की जो खाईल त्याने भरून द्यायची. मी महिन्याभराने जाणार. आसावरी बाळाच्या गडबडीत विसरेल, पुष्कर ती डिश धुऊन तशीच पायरीवर ठेवून देईल. मग दिलेला शब्द मोडला म्हणून तो दाराशी येईल, आणि दाराच्या आत तनू झोपलेली. मला ते सहन होईना. मी सहाच्या सहा अंडी उकडली आणि त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा, नाक दाबून, मीठ लावून खाल्ली. मग दारात उभी राहून सांगितलं, आता जे काय ते तुमच्या-माझ्यात, लेकीच्या दाराशी नको. डिश डिंकाच्या लाडवांनी भरली, स्वेटरात गुंडाळली आणि बॅगेला कुलूप लावलं. त्यानंतर तिकडे काही आलं नाही. काल पुष्करने मला बॅगेसकट तुझ्याकडे सोडलं.

आता नीट ऐक. रात्री इथे बर्फ पडला. अख्खी गल्ली पांढरी आहे, फक्त तुझी वाट दारापासून फाटकापर्यंत साफ आहे. एवढ्या थंडीत फावडं कशाला घेतलंस, असं तू मला विचारलंस. मला वाटलं, थट्टा करतेयस. मग म्हणालीस, वैजू, वेल्सची अंडी फारच छान आहेत, या डिशमध्ये घालून दारात कशाला ठेवलीस. दोन खाल्लीससुद्धा.

बॅग मी अजून उघडलेली नाही. किल्ली ही बघ, गळ्यात आहे.

घाबरू नकोस, माणूस भला आहे. उरलेली चार मी उकडून खाते. पण दोन तुझ्या पोटात आहेत, आणि संध्याकाळी मी विमानात असेन. कालच्या चकल्या उरल्यात का, तेवढं बघ.