पहिल्या हाकेला

वाढवणला नेट चांगलं चालतं, हे पुण्यातल्या ऑफिसला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले होते. घरातल्या पुढच्या खोलीत टेबल, त्यावर लॅपटॉप, कानाला हेडफोन, एवढाच माझा संसार. खिडकीबाहेर बांबूंवर बोंबील वाळत असतात आणि त्यांच्यामागच्या भिंतीवर बंदरविरोधाच्या घोषणा रंगवलेल्या आहेत. माझ्या पाठीमागे, भिंतीलगत बाची खाट. अर्धांगाचा झटका आल्यापासून बा, म्हणजे माझे वडील नारू, त्या खाटेवरच असतो. आई नाही. मला पुण्याला बोलावलं असतं तर त्याला घोटभर पाणी द्यायलाही कुणी नव्हतं.

आमच्या टीमच्या प्रमुख जयश्री मॅडम. घरून काम करणारी माणसं तुटल्यासारखी होतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दिवसभर सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर बसायचं. कॅमेरे चालू, माइक बंद. कुणी नाव घेतलं की लगेच माइक उघडून बोलायचं.

माझी पंचाईत तिथेच झाली. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीची वाट बघायची, हे बाने मला बोलता येऊ लागल्यापासून शिकवलेलं. आमच्याकडे होडीवरची माणसं तसंच करतात. मॅडमना मात्र वाटायचं, मी डुलक्या काढते.

"कल्पिता, तुला दोन-दोनदा हाका का माराव्या लागतात?" एकदा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. "असंच चाललं तर तुला इथे ऑफिसातच बसवावं लागेल."

त्या दिवसापासून मी ती सवय मोडायला घेतली. बा मागून ऐकत असायचा.

"पयल्या हाकेला ओ नको देऊस, कल्पू. मानूस आसल तर परत हाक मारल."

"आणि माणूस नसेल तर?"

"ते येकदाच बोलवतं." एवढं बोलून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आमच्या मॅडमसारखंच की," मी म्हणाले. तो हसला नाही.

मग एका टळटळीत दुपारी सगळे आपापल्या चौकटीत जेवत होते. माझ्यासमोर ताटात भात होता. हेडफोनमध्ये अगदी जवळून आवाज आला, "कल्पू."

"ओ," मी माइक उघडून म्हणाले.

नविनने डब्यातून मान वर केली. तो माझ्याच कामावरचा सहकारी, टीममधला एकुलता एक मित्र. "कुणाशी बोलतेस गं?"

"तूच हाक मारलीस ना?"

त्याने घासाने भरलेल्या गालाकडे बोट दाखवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, कल्पू हे घरचं नाव. ऑफिसात ते कुणालाच माहीत नाही. मी मागे वळून पाहिलं. बा गाढ झोपला होता.

त्यानंतर माझं काम उगीचच छान चालू लागलं. मॅडम कौतुक करायच्या. नविन चिडवायचा, "अर्धं नाव घेतलं की तुझं उत्तर तयार." मी उठून बाला पेज भरवून आले तरी, मध्ये मी जागेवर नव्हते हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मला ते सोयीचंच वाटलं.

गेल्या आठवड्यात बाच्या गोळ्या संपल्या. सकाळीच लाइट गेली होती, नेट बंद, लॅपटॉपची बॅटरीही उतरलेली. विचारलं तर लाइटचं कारण सांगू, असं ठरवून मी वाणगावला गेले. औषधाच्या दुकानात गर्दी होती. बाहेर आले तेव्हा फोनवर मॅडमचा मेसेज होता. 'आजची मीटिंग उत्तम सांभाळलीस. आता पुण्याला यायचा विषय संपला.'

मला तो टोमणा वाटला. मी नविनला फोन लावला.

"टोमणा कसला? दुपारभर तूच तर बोलत होतीस," तो म्हणाला. "मध्ये उठून बाबांना पाणीही दिलंस."

"नविन, मी वाणगावला आहे."

"मस्करी नको. आत्ताही समोर दिसतेयस. माझ्याकडेच बघतेयस. कल्पिता, तुझ्या हातात फोन का नाहीये?"

फोन कट झाला. पुन्हा लागला नाही.

रिक्षातून उतरून मी पळतच सुटले. आळीत अजून लाइट नव्हती, शेजारची पुतळीकाकी ओट्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होती. "काकी, आमच्याकडे कोण आलंय?" मी विचारलं. तिने वर पाहिलं नाही. ऐकू गेलं नसेल, असं मला वाटलं.

बोंबलांच्या आडून मी खिडकीत पाहिलं.

माझ्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. माझा निळा ड्रेस, माझी वेणी, कानाला माझे हेडफोन. लॅपटॉपचा पडदा काळाठिक्कर होता आणि ती त्याच्याशी बोलत होती.

"कल्पू," बाने खाटेवरून हाक मारली.

"ओ," ती म्हणाली. लगेच.

बाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला कळलं होतं. चांगल्या हाताने खाटेची कड घट्ट धरून त्याने दाराकडे मान वळवली. तो मला शोधत होता.

मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. जीव खाऊन हाक मारली.

"बा!"

त्याने ऐकलं. त्याचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. दुसऱ्या हाकेसाठी तो श्वास रोखून थांबला होता.

मी तोंड उघडलं.

आवाज फुटेना. पुन्हा उघडलं.

बाने खूप वेळ वाट पाहिली. मग हळूच भिंतीकडे तोंड फिरवलं.