लूम चालू असताना

पिवळ्या सुतात एक गाठ होती. मोहरीच्या दाण्याहून लहान, आणि दोन्ही टोकं इतकी जवळून कापलेली की डोळ्यांना दिसायची नाही; सूत बोटांतून सरकताना तर्जनीला टोचायची, तेव्हाच कळायची. मी ती नखाने चाचपली. पुढे हातभर सूत गुळगुळीत आलं... आणि पुन्हा गाठ.

मला उन्हाळ्यासाठी एक पिशवी विणायची होती. क्रोशाची, खांद्याला अडकवायची. केळीच्या कोवळ्या पानाचा पोपटी, केळफुलाचा काळपट जांभळा, हळदीचा पिवळा आणि झगझगीत राणी. सपाट नाही, अंगभर फुगे असलेली. एकाच टाक्यात अर्धेअर्धे ठेवलेले खांब, म्हणजे उंच टाके, एकदम मिटले की सुतावर बोराएवढा फुगा उभा राहतो. तशा फुग्यांच्या ओळीच ओळी. केळीची रोपं तयार करणाऱ्या एका लॅबमध्ये मी काम करते. तिथे बाटल्या निर्जंतुक होईपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबताना माझ्या हातांना काहीतरी लागतं.

सूत कुठे मिळेल ते माझ्या मैत्रिणीने, तृप्तीने सांगितलं. "बुऱ्हाणपुरात राहून सूत दुकानात शोधतेस? कमाल आहे तुझी. लूमवाल्यांकडे सुताचे उरलेले कोन पडलेले असतात. तीन-चार धागे एकत्र धरायचे, झालं जाड सूत."

झालं. कोन आणलेही; पण गाठींचं काय? मी कोन उचलला आणि भर दुपारी, ओढणी तोंडाभोवती गुंडाळून, शनवारा दरवाज्यामागच्या लूमवाल्यांच्या गल्लीत परत गेले.

गल्लीत पाऊल टाकलं की कानात दुसरं काही शिरत नाही. दोन्ही बाजूंच्या घरांत विजेवरचे लूम चालू... खटखट, खटखट, खटखट. पायाखालची फरशीसुद्धा थरथरते. मागच्या खेपेला कोन भिकनकाका नावाच्या कारागिराने दिले होते. आज दारात एक तरुण उभा होता. केसांत कापसाचा भुरा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या.

"सुतात गाठी आहेत!" मी ओरडले.

"हो, आहेत!" तो तितक्याच आनंदाने ओरडला.

मी गोंधळले. तक्रारीला असं उत्तर मला कधी मिळालं नव्हतं.

"लूमचं उरलेलं सूत आहे, मॅडम! तुटतं, जोडतो! तुटतं, जोडतो! गाठी तर राहणारच!"

"टोचतात!"

त्याने माझ्या हातातला कोन घेतला, धागा बोटांतून ओढून पाहिला, कपाळाला आठी घातली. मग मोठा श्वास घेऊन ओरडायला लागला, "तुम्हाला गाठी नको असतील तर मी स्वतः बसून—"

आणि लाइट गेली.

सगळ्या गल्लीतले लूम एकदम थांबले. अंगावरून कुणीतरी जड गोधडी ओढून घ्यावी, तशी ती शांतता. कुठेतरी कुकरची शिट्टी ऐकू आली, एक चिमणी ऐकू आली.

"—वेगळं गुंडाळून देतो," तो म्हणाला. अगदी हळू.

त्याचा खरा आवाज असा होता. थोडा खोल, थोडा संकोचलेला. एवढा वेळ भांडल्यासारखा ओरडणारा हाच का तो माणूस, असं वाटून मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तोही पाहत होता.

"निरंजन," तो म्हणाला. "हे लूम आमचेच आहेत."

"मृणाल," मी म्हणाले, आणि ओढणी उगाच सारखी केली. लाइट आली. मला बरं वाटलं... की वाईट, हे सांगता येईना.

त्यानंतर मी सुतासाठी जात राहिले. कधी पोपटी कमी पडला, कधी राणीची छटा जुळेना. आधी मी एक छोटा चौकोन विणून धुतला, वाळवला, पट्टीने मोजला. तो चौकोन पाहून निरंजन हसत सुटला.

"पिशवीचं पण टेस्टिंग?"

"सूत आटतं!"

"आणि आटलं नाही तर?"

"तर खात्री होते!"

"मॅडम, तुमची खात्री होईपर्यंत उन्हाळा संपेल, यार!"

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. नाशिकचं एक स्थळ आलं होतं. ऋषिकेश. इंजिनियर, बोलायला नीट, हसताना बरा दिसायचा. त्याच्यात दोष सापडत नव्हता, आणि माझा घोळ नेमका तिथेच होता. दोष नसणं हे हो म्हणायला पुरेसं कारण आहे का? ज्याच्यात मला बरेच दोष सहज सांगता आले असते—केसांत भुरा, हिशेब नसलेलं हसणं, मधूनच हिंदी—त्याच्या गल्लीत मी भर उन्हात का जात होते?

"मृणाल, त्या लोकांना किती लटकवायचं?" आई म्हणाली.

"बघते, आई."

"केव्हाची बघतेच आहेस! एवढ्या वेळात तुमच्या लॅबमध्ये केळीचं अख्खं रोप तयार होतं. गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन येणार. हो की नाही, तुझ्या तोंडाने सांगायचं. मी नाही बोलणार."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी झालेली पिशवी घेऊन निरंजनकडे गेले. लूम जोरात होते. त्याने पिशवी दोन्ही हातांत घेतली, फुग्यांवरून अंगठा फिरवला.

"पहिल्या कोनातल्या गाठी कुठे गेल्या?"

"फुग्यांच्या पोटात!"

त्याने एक फुगा हळूच दाबून पाहिला. मग पिशवी परत देता देता थांबला. खाली बघत, हातातला रिकामा कोन फिरवत, काहीतरी बोलला. बरंच लांब. त्याचे ओठ हललेले दिसले, कान लाल झालेले दिसले, शब्द एकही आला नाही.

"काय?"

तो परत बोलला. मागे भिकनकाकाचा लूम खडखडला.

"काय?"

तो तिसऱ्यांदा बोलला. आता त्याच्या कपाळावर घाम होता. तिसऱ्यांदा 'काय' म्हणणं मला बाई जमेना. मी मान हलवली. वरून खाली. स्पष्ट.

त्याचा चेहरा लख्ख उजळला. मी कशाला हो म्हटलं होतं?

"लॅबमध्ये न वाचलेल्या आकड्याखाली मी कधी सही करत नाही," मी तृप्तीला म्हणाले. आम्ही दोघी जयस्तंभाजवळ उसाचा रस पीत होतो.

"म्हणजे तुला काय वाटतं, काय विचारलं असेल त्याने?"

"सुताबद्दल असेल काही. रंगाचं... नाहीतर भावाचं."

"बरोबर. मुलगा खाली बघून, कान लाल करून सुताचा भाव विचारतो. तोही तीनदा." तिने नळी चावली. "अगं वेडे, लग्नाचं विचारलं त्याने! आणि तू मान हलवून मोकळी!"

"काहीतरीच बोलू नकोस."

पण पुढच्या खेपेला ओट्यावर त्याची आईच बसलेली होती. मथुराबाई. मला पाहताच लगबगीने उठल्या, आत बसवलं, कैरीचं पन्हं दिलं. घरात कोण कोण आहे, आई काय करते, सगळं विचारलं. मग माझा हात हातात घेऊन बोटं पाहिली.

"निरंजनने सांगितलं हो मला, तुम्ही हो म्हणाल्या म्हणून. लय आनंद झाला मला."

मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला.

"घाई नाही बरं आम्हाला. तुमची नोकरी आहे. सवडीने होऊ द्या." आणि निघताना डब्यात दराबा, रव्या-तुपाची इथली मिठाई, भरून दिला. "तुमच्या आईला द्या. म्हणा, मथुराबाईने दिला."

डबा मांडीवर धरून मी रिक्षात बसले होते. गरम वारा तोंडावर येत होता. आता काय करावं? परत जाऊन सांगावं, की मला ऐकूच आलं नव्हतं? सरळ उपाय तोच होता. चूक झाली की नोंद दुरुस्त करायची. मी मनात वाक्यही जुळवलं. पण ते म्हणायचं म्हटलं की जीभ अडायची. मी स्वतःत भीती शोधली, पश्चात्ताप शोधला. हाताला लागला तो एक विचित्र हलकेपणा... जणू कुणीतरी माझ्या वतीने ठरवून टाकलं होतं, आणि बरोबर ठरवलं होतं.

हे भलतंच होतं. असा न ऐकलेला होकार खरा कसा मानायचा?

लॅबमध्ये बाटल्यांची वाट बघत मी पिशवीचे बंद विणायला घेतले. मुके खांब, बुटके आणि घट्ट, म्हणजे बंद ताणला जात नाही. निरंजनने दिलेला नवा पिवळा कोन होता. विणता विणता तर्जनी गाठीची वाट पाहत राहिली. गाठ आली नाही. कोन संपत आला तरी आली नाही. एवढं सूत त्याने बसून हाताने गुंडाळलं होतं, प्रत्येक गाठीशी तोडून, लांब सलग तुकडे तेवढे एकावर एक घेऊन. हे त्याने मला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, आणि ते मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं.

गुरुवारी दुपारी पिशवी खांद्याला अडकवून मी गल्लीत गेले. संध्याकाळी नाशिकचा फोन. त्याआधी मला नक्की काय ते कळायला हवं होतं.

लूम चालू होते. निरंजन दाराशीच होता. पिशवी पाहून त्याने दोन्ही हात वर केले. "झाली! उन्हाळा संपायच्या आत झाली!"

"मला एक विचारायचंय!"

तो जवळ आला, कान पुढे केला.

"त्या दिवशी तुम्ही मला काय विचारलं होतं?"

तो मागे सरला. "ऐकू नव्हतं आलं?"

"नाही!"

"मग मान का हलवली?"

"तीनदा 'काय' म्हणायची लाज वाटली!"

तो मोठ्याने हसला. मग हसू हळूहळू उतरलं. "आईसाठी अशीच एक पिशवी विणाल का... असं विचारलं होतं! अशी पिशवी फार आवडेल तिला!"

पिशवी. पन्हं, दराबा, सवडीने होऊ द्या... सगळं पिशवीसाठी.

मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नोंद दुरुस्त झाली होती. कुणी काही विचारलं नव्हतं, मी कशाला हो म्हटलं नव्हतं, आणि नाशिकला काहीही सांगायला मोकळी होते. पण शेवटचा टाका अडकवायचा राहिला आणि कुणी टोक ओढलं, की ओळीमागून ओळ उसवत जाते ना... तसं आत काहीतरी सरसर उसवत गेलं.

"विणीन!" मी म्हणाले आणि वळले.

"थांबा ना! तुम्हाला काय वाटलं होतं?"

'काही नाही' हे शब्द ओठांवर तयार होते. ते नेहमीच तयार असायचे, 'बघते'च्या शेजारी. भिकनकाका लूमशेजारून आमच्याकडे टकामका बघत होते. काहीही ऐकू येणार नाही, या भरवशावर मी मोठा श्वास घेतला.

"मला वाटलं, तुम्ही लग्नाचं विचारलं!"

त्याने कानामागे हात धरला. "काय?"

"लग्नाचं!"

आणि लाइट गेली.

शेवटचा शब्द गल्लीभर घुमला. समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं. माझे कान तापले. निरंजन जागच्या जागी उभा होता, केसांतल्या भुऱ्यासकट.

"विचारायचं तेच होतं," तो म्हणाला. तो खोल, संकोचलेला आवाज. "दोनदा तेच विचारलं. तिसऱ्यांदा हिंमत नाही झाली... तोंडातून आईची पिशवी निघाली. आणि तुम्ही नेमकी तेव्हाच मान हलवली."

मी पिशवीचा बंद खांद्यावर सरळ केला.

"म्हणजे ती मान मला होकार म्हणून धरता येणार नाही," तो म्हणाला.

"नाही धरता येणार."

"हां... तेही बरोबर आहे."

"अहो पोरांनो," भिकनकाका आतून ओरडले, "लाइट यायच्या आत उरकून घ्या काय ते! मग मला ऐकू नाही यायचं!"

निरंजन हसला नाही. एक पाऊल पुढे आला. "मृणालजी, आता विचारतो. ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"माझ्याशी लग्न कराल?"

पिशवीत फोन वाजला. फुग्यांच्या थराआडून, घुसमटल्यासारखा. मी बाहेर काढला. आई.

"मृणाल, कुठे आहेस गं? नाशिकचे लोक आत्ताच विचारताहेत, संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत म्हणे. काय सांगायचं? आणि बघते म्हणू नकोस हं!"

गल्ली इतकी शांत होती की आईचा आवाज निरंजनलाही ऐकू जात असणार. त्याची नजर माझ्या खांद्यावरच्या पिवळ्या बंदावर खिळली होती.

"आई," मी म्हणाले, "नाशिकला मी स्वतः नाही म्हणून सांगते. मी इथे निरंजनला हो म्हटलंय... एकदा न ऐकता, आणि आत्ता ऐकून."