गोर्ना लिपाहून आलेला दाखला

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. मी सरकारी नोकर आहे, मनाचं काही रचून सांगायची सवय मला नाही.

हे माझ्यासोबत घडलंय. सोफिया शहर, नोव्हेंबर २०१४. शुक्रवार, दुपारचे सव्वातीन.

आधी आमचं काम सांगते. युरोपचा कायदा धाब्यावर बसवून एखाद्या देशाचं ऑफिस आपल्या माणसाला अडवतं. कोर्टात गेलं तर वर्षं जातात. म्हणून मी त्या देशातल्या माझ्यासारख्याच अधिकाऱ्याला फोन करते, आणि तो त्यांच्या ऑफिसला समजावतो. खटला नाही, वकील नाही. मुदत दहा आठवडे.

झ्लातिनाचा दहावा आठवडा संपत होता.

झ्लातिना शिकलेली सुईण. आमच्याकडच्या गोर्ना लिपा गावचं छोटं प्रसूतिगृह त्याच वसंतात बंद पडलं आणि ती ऑस्ट्रियाला गेली. सलग तीन वर्षं काम केलेलं असेल तर पदवी मानायची, असा कायदा, आणि तिची तेवढी झालेली. तिथलं ऑफिस म्हणे, पुन्हा परीक्षा द्या!

तोवर ती तिथल्या हॉस्पिटलात लादी पुसत होती. बाळंतपणाच्या खोलीबाहेर.

"ताई, आत बायका ओरडतात आणि माझ्या हातात पोछा," ती फोनवर रडायची. सुईणीची जागा तिच्यासाठी सोमवारपर्यंतच ठेवणार होते.

ऑस्ट्रियाचा अधिकारी लाइटनर भला माणूस. म्हणाला, "रुमियाना, तीन वर्षं काम केल्याचा, मेट्रनच्या सहीचा एक दाखला दे. बाकी मी बघतो."

दाखला आणू कुठून? प्रसूतिगृहाचे कागद तळघरात भिजून लगदा झालेले. मेट्रन कोण होती हे विचारावं, तर झ्लातिना कामावर, फोन बंद.

शेजारच्या टेबलावर आमच्या ऑफिसातला ओग्न्यान चीज भरलेली बानित्सा खात बसला होता. बोटांना तूप, तोंडाला टकळी.

"लावा की प्रसूतिगृहाच्या जुन्या नंबरवर, रुमियानाबाई. उंदीर तरी उचलतील!"

"तू गप खा," मी म्हणाले. पण लावला.

एक रिंग...

दोन...

"प्रसूती विभाग. मेट्रन नेवेना बोलतेय."

मी खुर्चीतून उठलेच. कुणीतरी आहे अजून तिथे! भडाभडा सगळं सांगितलं.

पलीकडे पाणी उकळत होतं. ट्रे सरकल्याचा आवाज...

पण बाळाचा आवाज नाही. एकाही नाही. बोलणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा नाही.

"माझी झ्लातिना तिथे काय करते?" तिने विचारलं.

"लादी पुसते."



"लादी? त्या हातांनी?" एवढंच म्हणाली, आणि फोन ठेवला.

वीस मिनिटांत फॅक्स आला. हाताने लिहिलेला, सही, शिक्का. पाठवणाऱ्याच्या नंबराची जागा कोरी होती.

'तिन्ही वर्षं हिचं काम मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.'

लाइटनरने पाच वाजायच्या आत होकार आणला. कुणी काही तपासलं नाही. आमच्याकडे एकमेकांच्या शब्दावर चालतं.

सोमवारी झ्लातिनाचा फोन. हसत होती, रडत होती. मी म्हटलं, "अगं, माझे कसले आभार मानतेस? नेवेना मेट्रनचे मान."



"ताई... त्या दोन वर्षांपूर्वीच गेल्या. माझ्या हातांत."

म्हणजे तिसरं वर्ष त्या बाईने पाहिलं कुठून?

टेलिफोन कंपनीला विचारलं. ती लाइन वसंतातच कापली होती.

लाइटनरला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर पोरगी पुन्हा पोछ्याला लागली असती. मी तोंड शिवलं. ओग्न्यानही त्या दिवसापासून थट्टा करत नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा झ्लातिनाचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला.

"ताई, बाळंतिणी मला विचारतात..."

"काय गं?"

"ती दुसरी म्हातारी सिस्टर कुठे गेली म्हणून. सगळ्याजणी. म्हणतात, फार प्रेमाने बोलत होती... पण हात फार गार होते."

मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"काल एकीचं बाळ रडलं नाही, ताई. मी घ्यायच्या आधीच कुणीतरी उचललं त्याला... माझ्यासमोर. मग रडलं ते. पण माझ्या हातात येईना. मी ओढत होते, ताई!"

"मग?"

"मग त्या हातांनी सोडलं. काल तरी सोडलं."

ती हुंदके देत होती. "तो दाखला मागे घ्या. तो आहे तोवर त्या येतच राहणार. मी पुसेन लादी. जन्मभर पुसेन."

मी लाइटनरला फोन केला. तो बिचारा गोंधळला. "मागे काय घेणार, रुमियाना? खटला नव्हता, निकाल नव्हता. रद्द करायला आहे काय?"

तिला काय सांगू, मला अजून कळलेलं नाही. आज तिची पुन्हा ड्यूटी आहे.