बंगल्याखालचं पाणी

"गप्प बसा जरा! खाली काहीतरी वाजतंय!" भिंगरीनं फरशीला कान लावला.

"तुझं पोट असेल," तिचा भाऊ म्हणाला. जाड चष्म्यामुळे त्याला सगळे प्रोफेसर म्हणत.

भावंडं सुट्टीत मामाकडे आली होती. मामा चहाच्या मळ्याचा मॅनेजर. मळ्यातल्या गोऱ्या साहेबाच्या जुन्या बंगल्याचं आता हॉटेल होणार होतं.

ताईनं, म्हणजे मामाच्या मुलीनं, तळघरातली ती सैल फरशी उचलली. खाली दगडी चर आणि त्यात खळाळतं पाणी!

"ए, निघा इथून!" ठेकेदार खेकसला. "साहेबाचं जुनं गटार आहे ते. दुपारी काँक्रीट ओतून बुजवायचंय."

"गटाराचं पाणी इतकं नितळ? जातं कुठं ते?" प्रोफेसरनं विचारलं.

"जाईना का कुठंही! नसत्या चौकशा नकोत."

बाहेर येताच ताई म्हणाली, "खालच्या वस्तीत झरा आहे. मळ्यातले सगळे कामगार तिथंच पाणी भरतात. हे तेच पाणी असलं तर?"

तिघं मळ्याच्या कारखान्यात मामाकडे धावली. मामा फोनवर होता. "ठेकेदाराला कळतं त्याचं काम. जा, खेळा!"

"पुरावाच हवा," प्रोफेसर म्हणाला. "घरात कपड्यांची नीळ आहे ना?"

भिंगरी वस्तीत पळाली. "हंडे बाजूला घ्या! थोडा वेळ पाणी भरू नका!"

इकडे बंगल्यात ताई ओरडली, "काका, ट्रकवाला बोलावतोय तुम्हाला!" ठेकेदार धावत फाटकाकडे गेला. तेवढ्यात प्रोफेसरनं निळीची बाटली चरात उपडी केली.

झऱ्यापाशी सगळे टक लावून बसले. आणि पाणी निळंशार झालं!

गलका ऐकून मामा आला. नीळ बंगल्याखालच्या चरात ओतली होती, हे कळताच त्याचा चेहरा पडला.

वस्तीतल्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "आमची वस्ती आधी वर, मूळ झऱ्यापाशीच होती. साहेबाला नेमकी तीच जागा आवडली. आम्हाला खाली हाकललं आणि झऱ्यावर बंगला उभा केला. मग आमच्याच माणसांनी डोंगर फोडून पाणी खाली आणलं."

मामानं तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. "काँक्रीट थांबवा. आत्ताच्या आत्ता!"

मग तो पोरांकडे वळला. "शाबास रे! तुम्ही सांगत होतात आणि मी कान बंद करून बसलो. आजी, हॉटेलात येणाऱ्यांना ही हकीकत तुमच्याच तोंडून ऐकवू. सांगाल ना?"

"सांगेन की," आजी म्हणाल्या. "पण आधी पाणी निवळू दे. हंडा रिकामा आहे माझा!"