चिमणाआत्याचा एकटीचा फोटो

फोटोत शेवटी मीच निघालो.

बरं, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. तसं काही झालेलं नाही.

बाकी सगळं मात्र खरं आहे, तारखेसकट. मे महिन्यातला दुसरा रविवार. दुपारचा एक. हरसूलजवळ मोहिनीच्या लग्नाचा मांडव. मी नाशिकहून गेलेला फोटोग्राफर.

मोहिनीला तिच्या चिमणाआत्याने वाढवलं होतं. आत्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसल्या. पदर सारखा केला.

"माझा एकटीचा काढ रे. मेल्यावर भिंतीला लावायला."

पलीकडे पंगत बसत होती. मला भूक लागली होती.

फ्लॅशवर एक बारीक बटण असतं. ते दाबलं की नुसता उजेड पडतो. कॅमेऱ्याला पत्ताही लागत नाही. हौशी पाहुण्यांसाठी आमच्या धंद्यात बरेच जण तेच दाबतात.

मी दाबलं.

"आवाज नाय आला," आत्या म्हणाल्या.

"नवा कॅमेरा आहे आत्या. आवाज करत नाही."

कॅमेरा नऊ वर्षांचा होता.

मी पोटभर जेवलो. जिलेबी दोनदा घेतली.

एकोणीस दिवसांनी, दुपारी एकच्या सुमारास, मोहिनीचा फोन आला.

"दादा, आत्या गेली. दहाव्याला तिचा फोटो पाहिजे. आधार कार्डावरचा आहे, पण त्यात ती आत्या वाटतच नाही."

"आधारवर कोणीच वाटत नाही," मी म्हणालो.

ती हसली नाही. "भिंतीला खिळा ठोकून ठेवलाय."

"एडिटिंग चालू आहे," मी म्हणालो.

फोन ठेवला. आणि बंद कपाटातल्या कॅमेऱ्यातून...

खट्.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅमेरा प्रफुल्लदादाकडे नेला. तो दुरुस्ती करतो. त्याने लेन्स काढून आत टॉर्च मारला.

"सेन्सरच्या पुढे दोन पडदे असतात. एक सरकतो, सेन्सरवर उजेड पडतो, दुसरा येऊन झाकतो. तो आवाज म्हणजे खट्. तुझा पहिलाच पडदा अडकलाय. सेन्सर आंधळा झालाय, बाबा."

"मग आवाज कसा येतो?"

"येणारच नाही. बॅटरी माझ्या हातात आहे."

घड्याळात एक वाजला...

खट्.

दादाने बॅटरी अगदी हळू टेबलावर ठेवली. मग कार्ड कॉम्प्युटरला लावलं.

आत्ताच पडलेला एक नवा फोटो होता...

तोच मांडव. खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसेल तेवढ्या उंचीवरून. समोर मी. डोळ्याला कॅमेरा, तोंडभर हसू.

आत्या कुठेच नव्हत्या.

"बोट बघ तुझं कुठंय," दादा म्हणाला.

बोट फ्लॅशच्या बटणावर होतं.



दहावा होऊन गेला. खिळा रिकामाच आहे. मोहिनी अजून फोन करते. एडिटिंग अजून चालू आहे.

रोज एक वाजता खट्. रोज तोच फोटो. फक्त त्यातलं माझं हसू... रोज थोडं कमी असतं.

म्हणून हा अर्ज.

प्रति, मा. संबंधित अधिकारी, जे कोणी असतील ते. मयत श्रीमती चिमणाबाई यांना कोणत्याही रविवारी दुपारी एक वाजता, फक्त पाच मिनिटांसाठी, त्याच खुर्चीत बसण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. खुर्ची अर्जदार स्वतः आणेल. बटण योग्य ते दाबेल.