उरलेली एक कळी

"थांबा! ती कुंडी हलवू नका... कळ्या आल्यात, हलवली की गळतील."

होळी होऊन चारच दिवस झाले होते. आईच्या पापडांसाठी खाट आणि जुन्या साड्या घेऊन योगराज डिंडोलीतल्या आपल्या गच्चीवर चढला, तर समोर वर्षा हात आडवे करून उभी. खालच्या खोलीत नुकतीच राहायला आलेली, साड्यांना टिकल्या लावणारी वर्षा.

"काट्यांना एवढा मान?" त्यानं विचारलं.

"चार वर्षं वाट पाहिलीय. यंदा थंडीभर पाणी तोडलं, तेव्हा कुठे या निवडुंगानं तीन कळ्या धरल्या. तुमच्या पापडांना शेजारची गच्ची नाही का?"

"आहे. पण तिथे भांडायला कोणी नाही."

हसू लपवायला ती पाठमोरी झाली. पापड शेजारी गेले. योगराज मात्र रोज इथेच येऊ लागला.

पांडेसऱ्याच्या मिलमध्ये तो कापडाचे रंग जुळवायचा. कापड उजेडाकडे फिरवल्याशिवाय त्याला रंग कळत नसे. एका सकाळी कळीच्या टोकाला गुलाबी रेघ दिसली आणि हाताच्या सवयीनं त्यानं कुंडीच उजेडाकडे फिरवली.

दोन दिवसांनी दोन कळ्या मातीत पडल्या होत्या. वर्षा त्यांच्यापाशी उकिडवी बसली होती.

"कबुतरांनी पाडल्या असतील," ती म्हणाली.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मी कुंडी फिरवली," योगराज म्हणाला. "रंग बघायला."

ती उठली. कळ्या ओढणीत घेऊन खाली निघून गेली.

मग तीन दिवस तो गच्चीवर गेला नाही. जिन्यात तिची चाहूल लागली की दार लोटून घ्यायचा. उरलेली कळीही गळली असेल तर तिला तोंड कसं दाखवायचं?

चौथ्या सकाळी दार वाजलं. वर्षा धापा टाकत उभी होती.

"उमललंय."

"मग... तुम्ही इथे?"

"कुंडी हलवता येत नाही. म्हणून माणसाला हलवायला आले."

"राग गेला?"

"थोडा आहे अजून. पण कबुतरांवर ढकलता आलं असतं... तुम्ही ढकललं नाही."

योगराजनं चप्पल शोधली. एकच सापडली.

"वर्षा, मी रोज यायचो ते कळ्यांसाठी नाही—"

"माहीत आहे. चला ना, दुपारी मिटेल ते!"

आतून त्याच्या आईचा, शोभाबाईंचा आवाज आला, "मना पोऱ्याले कोठे लई चालनी वं?"

"गच्चीवर, काकू."

"परत आनशी ना?"

वर्षानं त्याची बाही घट्ट धरली.

"आज आणते," ती म्हणाली. "पुढचं... तुम्ही माझ्या आईशी बोला."